खाडीकडून राजापूर

दक्षिण अमेरिकेच्या पार तळाशी असलेल्या पॅटागोनियात काही दिवस डोंगर तुडवायचे, काही दिवस बोटीतून हिमनद्या पाहायच्या, अशा सहलींच्या जाहिराती आता मराठी माणसाच्याही नजरेस पडू लागल्या आहेत. त्या वाचल्या की माझे मन खट्टू होते. जाणाऱ्यांबद्दल आकस नाही. ज्याला परवडते त्याने जग जरूर पाहावे. खटकते ते त्यातले गृहीत: पायी आणि होडीने फिरायची सुट्टी ही परदेशी गोष्ट आहे, आणि आपल्या वाट्याला मोटारीच्या काचेतून पळणारी झाडे तेवढी आली आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला राजापूर तालुका आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, मध्ये कातळाचे सडे आणि त्यांना चिरत जाणारी खाडी. हा मुलूख चालणाऱ्या पायांनी आणि पाण्यावरच्या होड्यांनी घडवला. दोन-तीन दिवसांची सवड काढून तो तसाच पाहावा. एरवी तो दिसतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला पहिला आधार चाकरमान्यांचा. मुंबईहून गावी येणारा राजापूरकर कित्येक पिढ्या आगबोटीने येत होता. शिमग्याला किंवा मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची, रात्र डेकवर वळकटीला टेकून काढायची आणि जैतापूर-मुसाकाजीसमोर उतरायचे. उतरायचे म्हणजे धक्क्यावर नव्हे. आगबोट भर पाण्यात उभी, खाली हेलकावणारा पडाव. हातात ट्रंक, कडेवर मूल, आणि लाट पडावाला वर उचलेल त्याच क्षणी पाय टाकायचा. हे चित्र कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात इतक्यांदा येते की ते न पाहिलेल्यांच्याही डोळ्यांपुढून हलत नाही. पडावातून किनारा, मग भरतीच्या पाण्यावर होडीने खाडी, आणि शेवटी घाटी चढून वाडीपर्यंत चाल. रजा मोजकी आणि तिचा मोठा तुकडा या येण्याजाण्यातच खर्ची पडायचा. आज ज्याला साहसी पर्यटन म्हणून विकले जाते, तो इथल्या गिरणीकामगाराचा नेहमीचा प्रवास होता.

मग हा तालुका आडवळणाचा झाला कधी? नकाशा समुद्राच्या बाजूने वाचला तर उत्तर सापडते. राजापूर शहर समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, जिथे अर्जुना आणि कोदवली एकत्र येतात तिथे वसले. भरतीचे पाणी तिथवर पोचत असे, म्हणून गलबतेही पोचत. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्यासारख्या घाटांनी खाली यायचा आणि इथे गलबतांत भरला जायचा. पायवाट जिथे संपते आणि पाणवाट सुरू होते, त्या सांध्यावरचे हे गाव. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबते खालीच थांबू लागली. आगबोटी बंद पडल्या. रस्ता उत्तर-दक्षिण धावू लागला आणि १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा राजापूर रोड स्थानक शहरापासून बरेच लांब पडले. पूर्व-पश्चिम जगणारे गाव उत्तर-दक्षिण वाहतुकीवरचा एक थांबा झाले. मुंबई-गोवा महामार्गावर चहापुरते उतरणाऱ्याला ते लहान, दाटीवाटीचे आणि दरवर्षी पुराचे पाणी बाजारात घेणारे गाव वाटते. तो पूर आणि खाडीतला गाळ एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे पुलावरून कळत नाही.

इतिहासाची एक गोष्ट इथे मध्येच सांगायला हवी, कारण तिच्यातही चाल आणि पाणी एकत्र आले आहे. इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती १६४९ साली, म्हणजे मुंबई बेट त्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी. १६६०मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा इथला वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून गेला आणि शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर मारा करू लागला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद करून नेले. त्यांतले काही १६६३पर्यंत सुटले नाहीत. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग शौर्य आणि शिक्षा एवढाच उरतो. प्रत्यक्ष घाटाची चढण पायाखाली घेतली की त्यातले वजन कळते. तोफ त्या उभ्या डोंगरावर चढवणे ही काय चीज होती, आणि ज्याला बंदर हवे त्याला घाटवाटही हातात ठेवावी लागते हे महाराजांनी किती नेमके ओळखले होते, याचा अंदाज घाटात दम लागल्यावर येतो.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र सड्यावर आहे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी आणि कशेळी या राजापूर तालुक्यातल्या पाच ठिकाणची कातळशिल्पे २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात, पायांत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या आहेत. बारशाला दोन वाघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. देवाच्या गोठण्यातल्या मानवाकृतीपाशी होकायंत्र ठेवले तर ते भलतीच दिशा दाखवते. ही सगळी चित्रे आडवी, जमिनीवर आहेत. त्यांना दर्शनी बाजू नाही, कमान नाही, लांबून दिसणारा कळस नाही. जांभ्याचा काळपट, खडबडीत पृष्ठभाग, त्यात बोटभर खोल गेलेली कोरीव रेघ, रेघेत वाळलेले गवत आणि लाल माती. सूर्य डोक्यावर असला तर हातभर अंतरावरूनही ती नजरेतून सुटते. ऊन तिरके झाले की काठाची सावली पडते आणि गेंड्याची पाठ उमटते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सडे पालथे घालत, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत फिरले, म्हणून ही शिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आली. ज्यांनी ती कोरली त्यांच्याकडे चाक नव्हते. चालणाऱ्यांनी चालणाऱ्यांसाठी केलेली ही चित्रे आहेत, आणि चालणाऱ्यांनाच ती पुन्हा सापडली.

खाडीचेही तसेच आहे. तिला स्वतःचे वेळापत्रक आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला भरती काढायला घड्याळापेक्षा पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट केली की मोटामोटी भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचे पाणी कांदळवनात आतवर घुसते, अष्टमीच्या आगेमागे भांगाच्या भरतीला ते धड काठालाही लागत नाही. पहाटे मतलई वारा होडीला समुद्राकडे लोटतो, दुपारी खारा वारा तिला माघारी आणतो. हे हिशेब सांभाळत साखरीनाट्याहून एखाद्या तांडेलाबरोबर निघालात, यशवंतगड पाण्यातून पाहिलात, मुसाकाजीच्या आडोशाला आलात, की गड तिथेच का बांधला आणि आगबोटी तिथेच का थांबत, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. रस्त्याने यशवंतगडावर गेलेल्याला पडके बुरूज दिसतात, होडीतून आलेल्याला दिसते खाडीच्या तोंडावर धरलेली नाकाबंदी.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. ज्यांना ही चाल आणि ही होडी रोजच्या जगण्यासाठी करावी लागली त्यांनी ती आनंदाने सोडली. आता शहरातल्या सुखवस्तू माणसाने तिचे गोडवे का गावेत? अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून घाटी उतरणाऱ्यांना, तरीची वाट पाहत खाडीकाठी भिजणाऱ्यांना पूल आणि रस्ता हवाच होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेवर नेमका पाय टाकण्याच्या त्या चित्रामागे ही भीतीही होती. हे सगळे मला मान्य आहे. पूल मोडा असे कुणी म्हणत नाही. पण सक्ती संपली म्हणून वाटही पुसावी असे त्यातून निघत नाही. पाखाडीचे चिरे उखडून काँक्रीट ओतताना आणि बंदराचा धक्का ढासळू देताना आपण कष्ट कमी करत नसतो, त्या कष्टांची साक्ष तेवढी घालवत असतो. आणि स्वतःच्या मर्जीने चढणाऱ्याला, नाइलाजाने चढलेल्यांची आठवण ठेवणे एरवीपेक्षा सोपे जाते. गुडघेच ती करून देतात.

दुसरा आक्षेप असा की पर्यटक आले की जागा नासते. कातळशिल्पांवर पाय पडतील, वेत्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांना दिवे आणि गोंगाट सोसावा लागेल. भीती रास्त आहे, पण ती सगळ्या पाहुण्यांना सारखी लागू होत नाही. मोटारीने येणाऱ्याला रुंद रस्ता, वाहनतळ, उपाहारगृह लागते आणि त्यासाठी सडाच फोडावा लागतो. पायी येणाऱ्याला वाट दाखवणारा गावकरी लागतो, दुपारी भात-आमटी आणि रात्री कुणाच्या तरी ओटीवर पथारी लागते. त्याचे पैसे वाडीत राहतात आणि तो संख्येने आपोआपच कमी असतो. शिल्पाभोवती कुंपण हवे, वाटाड्या हवा, होडीत बुडीरक्षक जाकिटे हवीत, पावसाळ्यात खाडीचा नाद सोडायला हवा. हे नियम पाळणे अवघड नाही.

सुट्टीबद्दल लिहायला घेतले खरे, पण युक्तिवाद मला दुसरीकडेच घेऊन आला आहे. राजापूरचे सडे गेली काही वर्षे वादात आहेत. माडबनला अणुऊर्जा प्रकल्प, आधी नाणारला आणि मग बारशाला तेलशुद्धीकरण कारखाना. २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी उन्हात त्याच कातळावर बसले होते. रोजगार हवा म्हणणाऱ्यांचेही खरे आहे, कारण वाड्यावाड्यांत कुलूप लागलेली घरे आहेत आणि पायी जाणाऱ्याला ती मोजता येतात. प्रकल्प यावा की न यावा याचा निकाल एका लेखात लागणार नाही. पण त्या वादात एक मुद्दा वारंवार येतो की हा नुसता ओसाड कातळ आहे, इथे बुडण्यासारखे आहे काय? तो मुद्दा ज्याने सडा चैत्राच्या उन्हात गाडीतून पाहिला त्याचा आहे. भाद्रपदात त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, गुरे चरतात, आणि मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना पुरते. जमिनीचा निवाडा करण्याआधी निवाडा करणाऱ्याने ती चालून पाहिली पाहिजे, एकदा पावसानंतर आणि एकदा उन्हाळ्यात. अधिकारी असो, गुंतवणूकदार असो, वर्तमानपत्राचा बातमीदार असो की मुंबईत राहून गावच्या जमिनीवर सही करणारा चाकरमानी, एवढी अट सर्वांना सारखी लावावी. तीन दिवसांची रजा त्याला पुरेशी आहे.