दहावीनंतरची वाट

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की पेडणे-डिचोलीकडच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "किती टक्के पडले?" शेजारी विचारतात, नातलग विचारतात, बाजारात भेटलेला अनोळखी गृहस्थही विचारतो. प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्यामागील आस्थाही खरी आहे. परंतु "आता विषय कोणते घेणार?" हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारलाच, तर "जवळच्या हायर सेकंडरीत जी शाखा मिळेल ती" असे उत्तर येते. गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून आमचे असे मत झाले आहे, की पुढील आयुष्याची दिशा टक्क्यांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, या दुसऱ्या उत्तरावर ठरते.

महाविद्यालय जवळ असणे आणि त्यात आपल्याला प्रवेश असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या गोव्याचा इतिहासच याची साक्ष देतो. पणजी येथे वैद्यकीय शिक्षणाची शाळा १८४२ साली निघाली. पेडण्याहून पणजी ती काय दूर! पण त्या शाळेची भाषा पोर्तुगीज होती. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला पणजीची ती शाळा मुंबईइतकीच, नव्हे मुंबईहूनही दूर होती. म्हणून ज्यांची ऐपत होती त्यांची मुले मॅट्रिकसाठी आणि त्यापुढील शिक्षणासाठी मुंबई-बेळगावकडे जात. ज्यांची नव्हती, त्यांचे शिक्षण गावच्या शाळेतच संपे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाली. १९८५ साली गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज विर्नोडा येथे संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. साखळीत शासकीय महाविद्यालय आहे. डिचोलीत झांट्ये महाविद्यालय आणि मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे. ज्या तालुक्यांतून पदवीसाठी घर सोडावे लागे, तेथे पदवीच घराजवळ आली आहे.

याहून मोठी गोष्ट २०२२ साली घडली. पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली. तिची इमारत पाहून कितीतरी आईबापांच्या मनात आले असेल, की आपली मुलगी येथे शिकून वैद्य होईल. ही इच्छा सर्वथा योग्य आहे. पण त्या संस्थेचे दार धारगळच्या रस्त्यावर उघडत नाही. ते दोन वर्षे आधी, अकरावीचा अर्ज भरताना उघडते किंवा बंद होते. आयुर्वेदाच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय हवेत आणि अखिल भारतीय 'नीट' परीक्षेतून यावे लागते. ज्याने अकरावीत वाणिज्य शाखा घेतली, त्याला ते दार घरापासून दोन कोसांवर असूनही मिटलेलेच राहणार.

काही वर्षांपूर्वी बारावीतील एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. स्वभावाने शांत, अभ्यासात नेटकी. आजीच्या दीर्घ आजारात तिनेच शुश्रूषा केली होती. "सर, मला बी.एस्सी. नर्सिंगला जायचं आहे, अर्ज कधी निघतात?" असे तिने विचारले. तिची शाखा वाणिज्य होती. कारण घराजवळ तीच होती, आणि दोन मैत्रिणींनीही तीच घेतली होती. या पदवीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, हे तिला सांगताना आम्हांला फार जड गेले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे दहावीत कुणी सांगितलं असतं तर?" तिच्या गुणांत उणे काहीच नव्हते. बुद्धी होती, इच्छा होती, सेवेची वृत्ती होती. उणीव होती ती एका माहितीची. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण तोच प्रश्न होय.

विद्यार्थीमित्रहो, म्हणून आमची पहिली सूचना अशी, की वाट शेवटापासून मागे शोधीत या. आपल्याला काय व्हायचे आहे, त्यासाठी कोणती पदवी लागते, त्या पदवीला बारावीचे कोणते विषय लागतात, हे क्रमाने पाहा; म्हणजे अकरावीत काय घ्यावे याचे उत्तर आपोआप हाती येईल. वैद्यकीय शाखांना जीवशास्त्र हवे. अभियांत्रिकी व वास्तुशास्त्र यांना गणित हवे. औषधनिर्माणशास्त्रास भौतिक व रसायन यांच्या जोडीस गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. ज्याचा निश्चय झालेला नाही, पण विज्ञानाची आवड खरी आहे, त्याने गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. मात्र श्रमही तितकेच वाढतात.

विज्ञानाचा विद्यार्थी पुढे कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळू शकतो, उलट जाणे मात्र बहुधा शक्य नसते. म्हणून सर्वांनीच विज्ञानाकडे धावावे काय? आमच्या मते मुळीच नाही. न आवडणारा विषय दोन वर्षे वाहून शेवटी नापास होणे यात शहाणपण नाही. कायद्याची पाच वर्षांची पदवी कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर घेता येते. चित्रकलेच्या पदवीला शाखेचे बंधन नाही. तेथे हाताची परीक्षा असते. ज्याचे हात यंत्रात रमतात, त्याने अकरावीकडे न वळता दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनात जावे. पदविका चांगल्या गुणांनी मिळवल्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. डिचोली व पेडणे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना कमी लेखण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तीही सोडून द्यावी.

दुसरी सूचना : पात्रता आणि प्रवेश यांची गल्लत करू नका. कायद्याच्या पदवीला सर्वसाधारण विद्यार्थ्यास ४५ टक्के गुण पुरेसे, असा नियम आहे. पण याचा अर्थ ४५ टक्क्यांना जागा मिळतेच असा नव्हे. जागा मोजक्या, अर्ज अधिक. मग गुणवत्ता यादी लागते. किमान गुणांनी तुम्ही रांगेत उभे राहता. पुढे सरकता ते यादीतील क्रमांकाने. वयाचेही असेच आहे. वैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. लहानपणी एक इयत्ता पुढे बसवल्याचे कौतुक येथे अडचणीचे ठरू शकते.

तिसरी सूचना कागदपत्रांची. जन्मदाखल्यावरील नाव, शाळेच्या दप्तरातील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. तो फरक नववी-दहावीतच दुरुस्त करून घ्यावा. रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून, जातीचा दाखला लागत असल्यास तोही, सुट्टीतच काढून ठेवावा. राज्याच्या सीमेपलीकडे, सावंतवाडी-दोडामार्ग भागात, ज्यांचे आजोळ आहे आणि जे तिकडे अकरावी-बारावी करू पाहतात, त्यांनी विशेष सावध असावे. राज्याच्या वाट्याच्या जागा देताना रहिवास किती वर्षांचा आणि शिक्षण कोठे झाले, हे पाहिले जाते. माहितीपत्रिकेतील ते कलम आधी वाचावे, मगच निर्णय घ्यावा.

आणि माहितीपत्रिका वाचावी ती त्याच वर्षीची. नियम बदलतात. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही वैद्यकीय प्रवेशास पात्र धरावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली जाहीर केले. त्याआधी ही वाट बंद होती. त्याच २०२३ च्या शैक्षणिक वर्षापासून गोवा विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीची नवी रचना आली. थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्या बहिणीला लागू पडेलच असे नाही.

पालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. डिचोलीत एके काळी दहावी झालेल्या मुलाला खाणीवर काम मिळे, ट्रक घेऊन घर चालवता येई. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा त्या भरवशाची किंमत कितीतरी कुटुंबांनी मोजली. पेडण्यात मोप्याच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत विमाने उडू लागली. तेथेही कामे आहेत, पण चांगली कामे शिकलेल्यासच मिळतात. एखादा उद्योग आज आहे, उद्या नाही. मुलाने घेतलेले शिक्षण मात्र त्याच्यापाशीच राहते. तेव्हा शाखा निवडताना बसचे तिकीट आणि घरापासूनचे अंतर यांचा विचार अवश्य करा, पण तेवढाच करू नका.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या आजोबांना भाषेच्या, पैशाच्या आणि अंतराच्या भिंती आड येत. त्यांतील बऱ्याच आता पडल्या आहेत. माहितीचा अभाव ही भिंत तेवढी उरली आहे, आणि ती पाडायला पैसा लागत नाही. वेळीच विचारलेला एक प्रश्न लागतो. शिक्षकांना विचारा, महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊन विचारा, जे त्या वाटेने गेले आहेत त्यांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तुम्ही निवडलेली वाट तुम्हांला इच्छित स्थळी नेवो, हीच आमची सदिच्छा.