पळणाऱ्याची मिनिटे

खो-खोचा गुणतक्ता वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या ध्यानात त्यातला एक जुना पक्षपात आला असेल. पाठलाग करणाऱ्याने गडी टिपला की त्याच्या नावापुढे गुण चढतो. पळणाऱ्याच्या नावापुढे मात्र नुसता वेळ लिहिलेला असतो. एक मिनिट चाळीस, दोन मिनिटे दहा, पन्नास सेकंद. एकाने काय मिळवले ते नोंदले जाते. दुसऱ्याने काय मिळू दिले नाही, ते वाचकाने ताडायचे. खेळाविषयी लिहिणाऱ्यांनीही बहुधा झेपावणाऱ्याचेच कौतुक केले आहे, कारण छायाचित्र त्याचेच निघते. तेव्हा आम्हांस पुष्कळ दिवसांपासून पडलेला प्रश्न येथे मांडतो: पळणारा गडी चांगला कशाने ठरतो?

हा प्रश्न वेळापुरात विचारावा हे उत्तम. माळशिरस तालुक्यातले हे गाव यादवकालीन अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी वारकऱ्यांना. खो-खोच्या मंडळींना ते तिसऱ्याच कारणाने परिचित आहे. त्याच अर्धनारी नटेश्वराचे नाव धारण करणाऱ्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर येथली मुले-मुली पिढ्यान्‌पिढ्या खो-खो खेळत आली आहेत. आणखी एक योग असा की धावणे या गावाच्या वेशीवरच आहे. पालखी वेळापूरला पोचण्याआधी धावाबावीच्या उतारावरून वारकरी धावत सुटतात. पंढरीचा कळस दिसताच तुकोबा धावले, त्याची ही आठवण म्हणून त्याला ‘धावा’ म्हणतात. त्या धावण्यात सर्वांची दिशा एक, मागे वळून पाहण्याचे कारण नाही आणि कुणी कुणाला चुकवायचे नाही. खो-खोचे धावणे या तिन्ही बाबतींत उलटे आहे.

पहिला गुण म्हणून लोक वेगाचे नाव घेतात. आमच्या मते वेगाला उगाच मोठेपणा मिळाला आहे. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मधल्या पाटीवर आठ गडी बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. एवढ्या जागेत सरळ रेषेत धावायला किती पावले मिळणार? चार, फार तर सहा. मग थांबणे, वळणे, दोन बसलेल्यांमधून पलीकडे निसटणे, पुन्हा चार पावले. ज्याला वेगाने सुटता येते पण वेगाने थांबता येत नाही, असा गडी पहिल्या मिनिटातच स्वतः होऊन पाठलाग करणाऱ्याच्या हातात येतो. पळणाऱ्याचे गुडघे पाहावेत. ते सतत थोडे वाकलेले, पावले आखूड, आणि शरीराचा भार कुठल्याच एका पायावर पुरता दिलेला नसतो.

येथे थोडे दूर जाऊन येतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा एक खेळाडू असतो. प्रतिपक्षाच्या पहारेकऱ्याला चुकवून मोकळ्या जागी पोचणे आणि तिथे फेकलेला चेंडू झेलणे हे त्याचे काम. त्याची निवड करताना चाळीस यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरांची, सरळ धाव घड्याळ लावून मोजण्याची तिकडे मोठी परंपरा आहे. १९८५ साली जेरी राइस नावाचा तरुण एका लहानशा महाविद्यालयातून निवडीला आला, तेव्हा पारख करणाऱ्यांना त्याची ही धाव मंद वाटत होती. पंधरा खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर सोळावे त्याचे आले. निवृत्त होईतो त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड जमा झाले होते आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पहारेकऱ्याला आपला बेत शेवटच्या पावलापर्यंत कळू न देता वळणे, ही त्याची विद्या होती. ती घड्याळात दिसत नाही.

खो-खोत या विद्येला नियमांनीच किंमत आणून दिली आहे. पाठलाग करणारा उठला, त्याने एकदा दिशा घेतली, की त्याला उलटे फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यावर यांपैकी एकही बंधन नाही. तो कुठेही वळेल, कुठूनही पलीकडे जाईल. सीमारेषेत राहावे आणि बसलेल्यांना अडथळा करू नये, इतकेच. एका बाजूला नऊ जण आणि त्यांचे हातपाय नियमांनी बांधलेले, दुसऱ्या बाजूला तीन जण आणि मोकळे. या तराजूवरच सारा खेळ उभा आहे. म्हणून जो पळणारा आपला निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत हातात राखतो, तो पाठलाग करणाऱ्याला आधी बांधून घ्यायला लावतो. जो आधीच ठरवून बसतो, त्याने आपले मोकळेपण फुकट घालवले. चांगल्या गड्याच्या चेहऱ्यावर पळताना जो एक उदास, जवळजवळ आळशी भाव असतो, त्याचे मूळ आम्हांस यात दिसते. नवशिका मात्र डोळे विस्फारून पळतो आणि आपला बेत डोळ्यांतूनच सांगून टाकतो.

दुसरा गुण कानाचा. याविषयी कुणी फारसे बोलत नाही. पळणाऱ्याची पाठ बहुधा पाठलाग करणाऱ्याकडे असते, तेव्हा मागे काय चालले आहे ते त्याला ऐकूनच कळायचे. खो देताना बसलेल्याच्या पाठीला स्पर्श आणि तोंडाने मोठ्याने शब्द, दोन्ही एकाच वेळी व्हावे लागतात. कसलेला आक्रमक खांदा झुकवतो, हात पुढे नेतो, खो देणार असे भासवतो आणि देत नाही. डोळ्यांवर विसंबणारा पळणारा त्या हुलकावणीला फसतो. कानावर विसंबणारा शब्द येईपर्यंत हलत नाही. गावच्या सामन्यात भोवताली हजार माणसे ओरडत असतात, त्या गदारोळातून तेवढा एक अक्षराचा शब्द वेचून काढणे ही काही साधी गोष्ट नव्हे. (सामना पाहायला जाणाऱ्यांनी कधी पाच मिनिटे डोळे मिटून खो-खो ऐकावा. कोण किती दमला आहे ते हाकेवरून समजते.)

पण आम्ही ज्याला सर्वांत वरचे स्थान देऊ, तो गुण याहून वेगळा आहे. पळणारे तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. पाठलाग एका वेळी एकाचाच होतो, उरलेले दोघे कडेला असतात. प्रेक्षकाला वाटते, ते विसावा घेत आहेत. प्रत्यक्षात त्या दोघांचे वागणे तुकडीचे आयुष्य ठरवते. साथीदार साखळी घालत येत असेल तर त्याच्या वाटेतून वेळीच बाजूला व्हायचे. तो खांबापाशी कोंडला गेला असेल, तर आपण मुद्दाम दोन पावले पुढे येऊन पाठलाग करणाऱ्याच्या नजरेत भरायचे आणि पाठलाग अंगावर ओढून घ्यायचा. हे करताना बाद झाला तर तक्त्यात त्याच्या नावापुढे चाळीस सेकंद लिहिले जातात आणि ज्याला त्याने वाचवले, त्याच्या नावापुढे दोन मिनिटे. मोठ्यांच्या पारंपरिक सामन्यात पाळी नऊ मिनिटांची आणि पळणारे नऊ. प्रत्येकाने मिनिटभर काढले तरी भागते. तेव्हा एकाचे दोन मिनिटे टिकणे हे पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या चाळीस सेकंदांवर उभे असते. तो दुसरा कोण, हे तक्ता सांगत नाही.

आता खेळ बदलला आहे आणि त्या बदलाविषयी आमचे मन द्विधा आहे. २०२२ साली बालेवाडीला ‘अल्टिमेट खो-खो’ सुरू झाले. माती जाऊन मॅट आली, नवाचे सात झाले, आणि कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ आला. तेथे चेन्नईच्या संघातून खेळलेला रामजी कश्यप वेळापूरचाच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने हवेत झेप घेऊन नेपाळच्या सूरज पुजाराला टिपले. भारताने तो सामना ५४-३६ असा जिंकला. गावाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच, आम्हांसही वाटतो. तथापि दूरदर्शनवर वेळापूर दिसले ते झेप घेताना. वजिराला दिशेचे बंधन नसल्यामुळे निर्णय राखून ठेवणाऱ्या पळणाऱ्याचे जुने भांडवल काहीसे घटले, हेही खरे.

उलट बाजूही मांडली पाहिजे. याच नव्या खेळाने पळणाऱ्यांना गुण दिले. तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की पुढच्या प्रत्येक टप्प्याला गुण, आणि ते तुकडीचे. त्याच विश्वचषकात महिलांच्या अंतिम सामन्यात चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद तग धरला, आणि भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. तेथे तिघींपैकी कुणी पाठलाग अंगावर घेतला असेल, तर तिच्या त्यागाला निदान सामुदायिक हिशेबात जागा मिळाली. मातीच्या मैदानावर शंभर वर्षे ही सोय नव्हती.

निवड चाचण्या मात्र अजून घड्याळावरच चालतात. आमच्या पाहण्यातल्या एका चाचणीत सकाळी आधी तीस मीटरची धाव घेतली गेली आणि निम्मी मुले तिथेच बाजूला काढली. खो-खो नंतर, उरलेल्यांचा. ज्या घरांत क्रीडा आरक्षणातली नोकरी हाच शेतीबाहेरचा एकुलता रस्ता असतो, तिथे त्या सकाळच्या चार-पाच सेकंदांचे वजन फार असते. बाजूला काढलेल्यांत एक काटकुळी मुलगी होती. दुपारी मैदान रिकामे झाल्यावर तीच मुले आपापसांत खेळू लागली, तेव्हा आम्ही घटकाभर थांबलो. ती स्वतः फार वेळ टिकत नव्हती. पण ती ज्या तुकडीत असे, ती तुकडी लवकर संपत नव्हती. तीन वेळा हे पाहिल्यावर आम्ही खिशातल्या कागदावर प्रत्येक तुकडीची मिनिटे लिहायला घेतली, आणि पाठलाग कुणी कुणाकडून आपल्यावर ओढला याच्या खुणा त्यांच्या शेजारी. त्या नोंदींसाठी छापील गुणतक्त्यात रकाना नव्हता, म्हणून कडेला रेघ मारून एक पाडून घेतला.