हरकती व सूचना

शाळेची नोकरी संपली म्हणजे मास्तरकी संपते असें मला वाटत होतें. पण तो माझा भ्रम होता. वर्ग गेला, घंटा गेली, तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे गेले. परंतु एक काम मात्र वतनासारखें माझ्याकडे चालत आलें आहे, तें अर्ज लिहून देण्याचें. नळाला पाणी कमी येवो, दिव्याचा खांब वाको, कीं कोणाच्या नांवांतील ऱ्हस्वाचें कागदोपत्रीं दीर्घ होवो. गल्लींतील मंडळी कागद घेऊन माझ्या दारीं येतात. "मास्तर, तुमची भाषा भारदस्त," एवढें कोणी म्हटलें कीं माझा हात लेखणीकडे जातो. स्तुति ही निवृत्त माणसाची दुर्बलता असते, हें वाचकांनीं समजून घ्यावें. या दुर्बलतेपायीं गेल्या श्रावणांत मीं एकाच विषयावर परस्परविरोधी असे दोन अर्ज लिहिले, आणि तिसरा लिहितांना मला घाम फुटला. त्याची ही हकीकत.

आमची गल्ली पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. पेशवाईंत या पेठा वसल्या तेव्हां येथून माणसें, बैल, क्वचित् एखादी पालखी वा घोडा जाईल, एवढाच विचार होता. माझ्या लहानपणीं येथें सायकलींचें राज्य होतें. एखादा टांगा आलाच तर आम्ही मुलें लगोरी थांबवून भिंतीशीं उभीं राहत असूं, आणि तो गेला कीं खेळ पुढें सुरू होई. आतां वाड्यांच्या जागीं चार-चार मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत आणि गल्लीच्या दोन्ही टोकांस गजबजलेले हमरस्ते आहेत. एका रस्त्यावरचा सिग्नल चुकवून दुसऱ्यावर निघण्याची ही वाट पूर्वीं फक्त पेठेंतल्या माणसाला ठाऊक असे. आतां खिशांतलें यंत्र नकाशावर निळी रेघ ओढून ती कोणाही परक्यास दाखवितें. त्यामुळें सकाळ-सायंकाळ आमच्या दारांवरून जो लोंढा जातो, त्यांतील बहुतेकांना आमच्या गल्लीशीं कांहींच कर्तव्य नसतें.

अशा स्थितींत एके दिवशीं वर्तमानपत्रांत जाहीर सूचना आली. आमची गल्ली सकाळीं 8 पासून रात्रीं 8 पर्यंत चारचाकी वाहनांस व रिक्षांस बंद करावी आणि दुचाक्यांस एकेरी करावी असा विचार आहे. नागरिकांनीं आपल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात, असा तिचा आशय होता.

त्याच दिवशीं संध्याकाळीं मंडळी जमली. सर्वांच्या पुढें तळमजल्यावरच्या काकू होत्या. त्यांचें वय 78. रोज दिवेलागणीस मारुतीला तेल घालावयाचें हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. आषाढांत एका फटफटीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि हातांतली तेलाची वाटी रस्त्यावर सांडली. त्या स्वतः पडल्या नाहींत हीच देवाची कृपा. तेव्हांपासून त्यांचें देवळांत जाणें बंद झालें. काकू म्हणाल्या, "मास्तर, दर्शनावांचून मी राहीन, पण मला घरांत कोंडलें कोणीं, एवढें तरी त्या अर्जांत विचारा."

मीं विचारलें, आणि चांगलें चार पानें विचारलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा आधार दिला. त्यानें रथाच्या वाटेची रुंदी पांच अरत्नि, गुरांच्या वाटेची चार आणि लहान जनावरें व माणसें यांच्या वाटेची दोन अरत्नि सांगितली आहे. अरत्नि म्हणजे सुमारें हातभर. ज्या राज्यव्यवस्थेंत पायीं चालणाऱ्याची वाट निराळी मोजून ठेवीत, तिचे वारस म्हणविणाऱ्या आपण काकूंना दोन हात जागा देऊं नये काय, असा सवाल टाकला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणाला सोडावी याची यादी आहे. तींतील नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा आणि स्त्री हीं सर्व मीं उद्धृत केलीं. त्या यादींत अगदीं पहिलें नांव वाहनांत बसलेल्याचें आहे. तें मात्र मीं सोयीस्करपणें गाळलें. अखेरीस "आम्ही सर्व रहिवासी एकमतानें विनंती करितों" असें लिहून सह्या घेतल्या. आमच्या घरची सही मींच दोघांच्या वतीनें केली.

दोन दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी आला. गल्लीच्या टोकाला त्याची पिठाची गिरणी आहे. दारांत चपला काढून तो बराच वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुमचा अर्ज वाचला. फारच उत्तम आहे. आतां माझाही लिहून द्या. तुमच्याशिवाय मी कोणाकडे जाऊं?" त्याचें म्हणणें साधें होतें. धान्याचा टेंपो दिवसा येतो. रात्रीं आठनंतर माल उतरवावयास हमाल मिळत नाहीं. दळण घेऊन दुरून येणारीं म्हातारीं माणसें रिक्षानें येतात. आणि मग जातां जातां त्यानें जी गोष्ट काढली ती मला सुचलीच नव्हती. "मास्तर, ही वाहनें नाहींशीं थोडींच होणार? तीं मागच्या बोळांत शिरणार."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मला तो बोळ पाहावयास घेऊन गेला. हा बोळ माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे; तरी तेथें मी कित्येक वर्षांत उभा राहिलों नव्हतों. तो आमच्या गल्लीच्या निम्म्यानें रुंद. त्यांतच एका शाळेचें मागचें दार उघडतें. शाळा भरण्याची वेळ होती. रिक्षांतून दप्तरें आणि मुलें एकदमच खालीं उतरत होतीं. दारांत भांडीं घासणाऱ्या एका बाईस गिरणीवाल्यानें सर्व प्रकार सांगितला. तिनें माझ्याकडे पाहिलें व शांतपणें म्हणाली, "गुरुजी, तुमच्या गल्लींत अर्ज लिहिणारे तुम्ही आहांत. आमच्यांत कोण लिहिणार?"

त्या वाक्यानें माझीं चार पानें मला हलकीं वाटूं लागलीं. घरीं येऊन मीं दुसरा अर्ज लिहिला. त्यांत गाळलेला वाहनवाला पुन्हां आपल्या जागीं आणला, ओझें वाहणाऱ्याच्या बाजूनें हमालाचें गाऱ्हाणें मांडलें आणि बोळांतल्या मुलांचें चित्र काढलें. वाचून पाहिलें तों हाही अर्ज बिनतोड!

रात्रीं जेवणानंतर सौभाग्यवतींनीं दोन्ही अर्ज वाचले. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "दोन्ही छान उतरले आहेत. यांतला माझा कोणता?"

मी म्हटलें, "म्हणजे?"

"अहो, गुडघ्याच्या व्यायामाला मला आठवड्यांतून दोनदां जावें लागतें. रिक्षा दारापर्यंत आली नाहीं तर त्या हमरस्त्यापर्यंत मी कशी जाऊं? तुम्ही तर माझी सही करून मोकळे झालांत."

यावर मला उत्तर नव्हतें. सरकारानें जनतेचें मत विचारावें असें मी आयुष्यभर वर्गांत शिकविलें. आणि सदतीस वर्षें जिच्याबरोबर संसार केला तिला एका सहीपुरतें विचारावयाचें मला सुचलें नाहीं.

मीमांसाशास्त्रांत एखाद्या प्रश्नाचा विचार करण्याची पद्धति ठरलेली आहे. प्रथम विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटीं निर्णय. यांत पूर्वपक्ष म्हणजे आपल्याला खोडावयाचें मत. पण तें अशा रीतीनें मांडावें लागतें कीं, प्रतिपक्षानें स्वतः वाचलें तरी "होय, माझें म्हणणें हेंच," असें त्यानें म्हणावें. ही पद्धति मी मुलांकडून पाठ करवून घेत असें. स्वतःच्या गल्लींत मात्र मीं पूर्वपक्ष न ऐकतांच निर्णय लिहून टाकला होता.

मग मीं माहिती गोळा करण्यास आरंभ केला. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 115 प्रमाणें सार्वजनिक सुरक्षितता वा सोय यांसाठीं, अथवा रस्त्याचें स्वरूप पाहून, वाहनांवर निर्बंध घालतां येतात. निर्बंध एका महिन्याहून अधिक नसेल तर राजपत्रांतील अधिसूचना लागत नाहीं. स्थानिक प्रसिद्धि पुरते. म्हणजे महिनाभर प्रयोग करून पाहण्यास कायद्यांतच वाट आहे. माझा भाचा लंडनच्या ईशान्येकडील उपनगरांत राहतो. त्याच्याशीं फोनवर बोलणें झालें. 2020 सालीं महामारीच्या काळांत तेथें अनेक वस्त्यांतील गल्ल्या मोठमोठ्या कुंड्या व कॅमेरे बसवून आरपार जाणाऱ्या वाहनांस बंद केल्या. तिकडे असा प्रायोगिक हुकूम जास्तींत जास्त 18 महिने चालतो आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यावर हरकती घेतां येतात. कित्येक ठिकाणीं ती व्यवस्था कायम झाली. कित्येक ठिकाणीं, आधीं आम्हांस विचारलेंच नाहीं, म्हणून लोक इतके खवळले कीं ती काढून टाकावी लागली.

भाच्यानें आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगितली. 1963 सालीं कॉलिन ब्यूकॅनन यांच्या मार्गदर्शनाखालीं शहरांतील वाहतुकीसंबंधीं एक प्रसिद्ध अहवाल ब्रिटनमध्यें निघाला. त्यांत शहराला इस्पितळाची उपमा दिली आहे. इस्पितळांत ये-जा करावयाची ती जोडमार्गिकांतून. रोग्यांच्या खोल्यांतून आरपार कोणी जात नाहीं. मात्र प्रत्येक खोलीपर्यंत पोंचतां आलें पाहिजे. मला आमचा जुना वाडा आठवला. दिंडी दरवाजांतून कोणीही ओसरीपर्यंत येई, बसे, पाणी पिई. पण आमच्या माजघरांतून वाट काढून शेजारच्या वाड्यांत जाण्याचें धाडस कोणीं केलें नाहीं. प्रश्न येण्याचा नव्हता, आरपार जाण्याचा होता. आणि आमच्या गल्लींत दोन्ही पक्ष नेमकें हेंच विसरून भांडत होते.

रविवारीं मारुतीच्या देवळांत बैठक बोलावली. मागच्या बोळांतील मंडळींस मी स्वतः जाऊन बोलावून आलों. प्रथम दोन्ही अर्ज मीच मोठ्यानें वाचले आणि दोन्ही माझेच आहेत हें कबूल केलें. थोडा हशा झाला, थोडी कुजबूज झाली. काकू मात्र रागावल्या: "मास्तर, तुम्ही दोन्ही बाजूंनीं जेवलांत!" तो आरोप मीं मान्य केला. नंतर तीन तास बोलणें झालें. त्यांतून जो तिसरा अर्ज निघाला त्यांत हरकत थोडी आणि सूचना अधिक होती. गल्ली बंद न करितां तिच्या मध्यभागीं एक नागमोडी कठडा घालावा. पायीं चालणारा त्यांतून सहज जाईल, सायकल हातांत धरून नेतां येईल, फटफटी मात्र जाणार नाहीं. दोन्ही टोकांकडून रिक्षा दारापर्यंत येईल, टेंपो गिरणीपर्यंत येईल. आरपार कोणीच जाणार नाहीं. रुग्णवाहिका व अग्निशामक यांसाठीं कठडा उघडतां यावा. मागच्या बोळांतही त्याच दिवशीं तसाच कठडा बसावा, पुढें-मागें नको. हें सर्व एक महिना करून पाहावें, आणि आधीं व नंतर दोन्ही ठिकाणीं व हमरस्त्यावर वाहनें मोजावीं. भाजीवाली, दूधवाला, धुणेंभांडीं करणाऱ्या बायका, शाळेचे रिक्षावाले हे कधीं अर्ज लिहीत नाहींत. त्यांच्याकडे जाऊन त्यांचें म्हणणें विचारावें.

सर्वांनीं सह्या केल्या असें मात्र नाहीं. एका तरुणास कचेरीला जाण्यासाठीं मोठा वळसा पडणार होता; त्यानें आपली हरकत निराळी लिहिली, आणि ती त्याच्याच शब्दांत अर्जास जोडली. यावेळीं "एकमतानें" हा शब्द मीं वापरला नाहीं.

मार्गशीर्षांत महिनाभर प्रयोग झाला. पहिल्याच संध्याकाळीं काकू तेलाची वाटी घेऊन एकट्या मारुतीला गेल्या. गिरणीवाला पूर्ण संतुष्ट नाहीं. टेंपोला मागें मागें घेत बाहेर काढावें लागतें, त्याचे ड्रायव्हर जादा पैसे मागतात. मागच्या बोळांतला कठडा दुसऱ्या आठवड्यांत रात्रीं कोणीं तरी मोडला. तेथील लोकांनीं तो दोरीनें बांधून वेळ भागविली. हमरस्त्यावर गर्दी वाढली असें तिकडचे दुकानदार म्हणतात, आणि त्यांचेंही ऐकलें पाहिजे. कायमचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.

हल्लीं बोळांतल्या त्या बाईची मुलगी आठवड्यांतून दोनदां माझ्याकडे अर्ज लिहावयास शिकण्यासाठीं येते. पहिल्या दिवशीं तिनें नळाच्या पाण्याची तक्रार लिहून आणली होती. मीं ती बाजूस ठेवली आणि सांगितलें, "आधीं, तुझ्या म्हणण्याला कोणाची हरकत येईल, तें लिही." तिला तें विचित्र वाटलें, पण तिनें लिहिलें, आणि मूळ अर्ज तिनें स्वतःच दुरुस्त केला.

कायमच्या निर्णयासाठीं परवां पुन्हां अभिप्राय मागविला आहे. त्यावर आमच्या घरच्या दोन सह्या आहेत, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. सौभाग्यवतींनीं सही करण्यापूर्वीं सगळा मजकूर वाचला, दोन ठिकाणीं खोडला, आणि मगच लेखणी मागितली.