रजेचे दिवस

मिलिटरीतला मुलगा सुट्टीवर आला, हे आमच्या यावलमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भुसावळहून आलेली एसटी स्टँडवर लागते, गर्दी उतरून जाते आणि मग शेवटी तो उतरतो. पूर्वी सोबत काळी लोखंडी पेटी असायची. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा आणि नाव, आणि कडीला पितळी कुलूप. आता पेटी बदलीच्या वेळीच दिसते, एरवी पाठीवर हिरवा पिट्टू असतो. पण उतरल्यावर क्षणभर थांबून चारी बाजूंना बघायची त्याची पद्धत तीच आहे. चहाच्या टपरीवरून हाक येते, “काय भो, केव्हा आला?” तो हसतो. उत्तर देईपर्यंत दुसरा प्रश्न येतो, “परत केव्हा जायचं?”

हे दोन्ही प्रश्न लोक प्रेमानंच विचारतात. तरीही दुसरा प्रश्न आला की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी किंचित हलतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. बाहेरच्यांना तो तारीख सांगतो. आईनं विचारलं तर “आहे अजून” एवढंच म्हणतो, आणि तीही पुढे विचारत नाही. थंडीचे दिवस असतील तर ती बामणोदची वांगी आणवते, काट्याकुट्यांच्या जाळावर भाजते, भरीत करते, कळण्याची भाकरी थापते. पहिल्या दिवशी घरात एवढंच चालतं. आल्या आल्या त्याला कुणी काही सांगत नाही. सांगायचं बरंच साठलेलं असतं, पण ते दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

आमचा मुलूख तसा फौजेचा म्हणून ओळखला जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे. त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि तिथे आजही घरटी कुणी ना कुणी सैन्यात असतो. आमच्याकडे केळी. मृगबाग, कांदेबाग, घडांची कापणी, रावेर-सावद्याहून दिल्लीला जाणारा माल, यातच तालुक्याचं वर्ष फिरतं. खानदेशात फौजेची परंपरा नव्हती असंही नाही. 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून, तापीकाठच्या गावांतून मुलं आजही पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. भरती निघाली की ती नाशिकरोडच्या तोफखान्यात जातात, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातात, सागरला महार रेजिमेंटमध्ये जातात. पण एका गावातून जाणारे थोडेच. म्हणून आमच्याकडे जवान हा गल्लीतला एकटा माणूस असतो. ज्या गावात घरोघर फौजी आहेत तिथे सुट्टीवर आलेल्याचं दुखणं शेजाऱ्याला न सांगता कळतं. इथे ते सांगावं लागतं, आणि सांगायची तर त्याला सवय नसते.

सैन्यात जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. कागदावर हे दिवस भरपूर वाटतात. पण ती सलग मिळत नाही, मागितली तेव्हा मिळेलच असं नाही, आणि काश्मिरातून किंवा अरुणाचलातून निघालेल्याचे कितीतरी दिवस रस्त्यात जातात. जम्मूतवीहून सुटलेली झेलम एक्स्प्रेस त्याला भुसावळला सोडते, तिथून तापी ओलांडून वीसेक किलोमीटरवर घर. आल्यावर तो झोपेल, पोराला खांद्यावर घेऊन मळ्यात जाईल, मनुदेवीचं दर्शन घेऊन येईल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी तो हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन एखाद्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा असतो. पिशवीत सात-बाराचा उतारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, वडिलांच्या नावचा जुना फेरफार.

अशाच एका व्हरांड्यात मी एका जवानाशेजारी बसले होते. वडील वारल्यावर जमिनीला वारसनोंद लावायची होती. त्यासाठी तो आधीच्या सुट्टीतही आला होता. आतून निरोप आला, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. त्याचं परतीचं रिझर्व्हेशन रविवारचं होतं. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. मोबाइल काढून तिकिटावरची तारीख त्यानं कारकुनाला दाखवली. कारकुनानं ती पाहिली आणि पुन्हा सोमवारच म्हणाला. बाहेरच्या भिंतीवर सैनिकांच्या शौर्याला वंदन करणारा फलक होता, छान रंगीत. त्याच्याखाली बसून त्या मुलानं एकेक कागद परत घडी करून पिशवीत ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवून, सैन्यात कपड्यांची घडी घालायला शिकवतात तशी. मला त्या घडीचं फार वाईट वाटलं.

नवा काळ नवी अडचण घेऊन आला आहे. केळीचा फळपीक विमा, अनुदान, पीक पाहणी, सगळं आता मोबाइलवर. जमीन ज्याच्या नावावर त्याच्या आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. तो नंबर कुठल्याशा बर्फाळ ठाण्यावर बंद पडलेला असतो, आणि इकडे म्हातारा बाप सेतू केंद्राच्या खुर्चीवर बसून वाट बघतो. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या बागा आडव्या होतात, घडांसकट झाडं चिखलात पडतात. पंचनाम्याला खातेदार कुठे, असं विचारतात. खातेदार सीमेवर आहे, असं बाप सांगतो. ऐकणारा “हो का, छान” म्हणतो आणि पुढच्या बांधाकडे वळतो.

आणि बांध. ज्या घरचा कर्ता मुलगा बाहेर, त्या घरचा बांध आधी कोरला जातो. नांगरटीच्या दिवसांत शेजारचा ट्रॅक्टर दरवर्षी थोडा अलीकडे येतो. बाप थकलेला, सून एकटी, भांडायला कोण जाणार? सुट्टीवर आलेला मुलगा शेतात जातो आणि उभ्याउभ्या त्याला कळतं. पण भांडण काढलं तर मागे राहणाऱ्यांनी तोंड द्यायचं, म्हणून तो गिळतो. शेताच्या वादात जवानामागे कायदा उभा आहे. 1925 चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट आजही लागू आहे. युद्धाच्या किंवा खडतर ठिकाणच्या सेवेत असलेला सैनिक दिवाणी किंवा महसुली दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये म्हणून तो दावा पुढे ढकलण्याची तरतूद त्यात आहे. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर जवानाच्या तक्रारीबद्दल थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितो. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. हे सगळं आहे आणि गरजेचं आहे. तरी मला वाटतं, कोरलेल्या बांधाची तक्रार लडाखहून जळगावला पत्रानं यावी लागते, तेव्हा ज्या शिवारातल्या पंधरा-वीस जणांनी तो ट्रॅक्टर डोळ्यांनी पाहिलेला असतो त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं.

लोक वाईट असतात म्हणून हे होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्याच शिवारात एक घर मला माहीत आहे. मुलगा राजस्थानच्या सीमेवर, घरी आई-वडील आणि दीड एकर बाग. शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला वडिलांना विहिरीवर जाणं झेपत नाही. शेजारचे नाना, त्यांचं त्या घराशी नातं नाही, जातही वेगळी, स्वतःची मोटार चालू करायला गेले की त्यांचीही करून येतात. ठिबकच्या नळ्या तपासतात, साप दिसला तर सकाळी सांगतात. मुलगा सुट्टीवर आला की नानांच्या पाया पडतो. नाना म्हणतात, “तू तिकडे रात्री जागतो, मी इकडे जागलो, त्यात काय भो.” माझ्या पाहण्यात सैनिकाचा याहून मोठा सन्मान कुणी केलेला नाही, आणि त्याची बातमी कधी आली नाही.

उलट बाजूही रोजचीच. सुट्टीवर आलेल्याला पारावर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी बाजूला घेतं आणि कॅन्टीनच्या बाटलीचं विचारतं. मिक्सर, पंखा, सूटकेस यांच्या याद्या फोनवर आधीच गेलेल्या असतात. त्याच्या कोट्यात घरच्यांपुरतं असतं, पण नाही म्हटलं तर “मोठा झाला आता” ऐकावं लागतं. पिशव्या उतरवता उतरवता त्याचा पहिला दिवस जातो. गेली काही वर्षं आणखी एक प्रश्न आलाय. जून 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यातल्या चौथ्या हिश्श्याला पुढे कायम करण्याची सोय. आता मुलगी द्यायला आलेले पाहुणे वर्दीतला फोटो पाहून खूश होतात आणि लगेच विचारतात, “कायम आहे का?” मुलीच्या बापाची काळजी मला समजते. पण शेजारी बसलेला तो एकवीस वर्षांचा मुलगा मान खाली घालतो, आणि आपण लावलेल्या मोजपट्टीची मला लाज वाटते. अग्निपथच्या आधी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांनी परतायचा तेव्हाही त्याला दुसरी नोकरी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहण्याचीच मिळायची. त्याच दारातून आत जाताना आपण त्याच्याकडे पाहत नाही.

मोठ्या दिवशी मात्र खानदेश भरभरून वाहतो, आणि ते खोटं नसतं. धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण 29 सप्टेंबर 2016 ला नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. ती बातमी ऐकून त्यांच्या आजीनं प्राण सोडले. 21 जानेवारी 2017 ला ते वाघ्याहून परत आले, तेव्हा आमच्या यावलमध्येही लोकांनी पेढे वाटले होते. पुढे लष्करी न्यायालयानं त्यांना शिक्षा सुनावली, आणि पेढे वाटणाऱ्यांचं बोलणं थांबलं. निकालाच्या बऱ्या-वाईटात मला जायचं नाही. पण आजीला गमावून, कैद भोगून आलेल्या तरुणाशी नंतर कसं बोलावं, हे आपल्याला माहीतच नव्हतं. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवाम्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले, त्यात शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे, मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांगऱ्याचे नितीन राठोड. त्या दिवसांत भुसावळ-मलकापूर पट्ट्यात माणसं घराबाहेर येऊन रडली. फौज आणि राखीव दल असा भेद त्या गर्दीनं केला नाही, आणि ते बरोबरच होतं. सरकारी कागदात मात्र तो आहे. राखीव दलातून निवृत्त झालेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि 2004 नंतर भरती झालेल्याला जुनं निवृत्तिवेतनही नाही.

2025 च्या मे महिन्यात पाचोरा तालुक्यातल्या एका जवानाची सुट्टी लग्नानंतर तीन दिवसांत रद्द झाली. हळद उतरायच्या आत तो सीमेवर निघाला. पाचोरा स्टेशनवर त्याला निरोप देतानाची त्या नव्या नवरीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. छायाचित्रात ती धीराची होती. मी विचार करत राहिले तो दुसऱ्या दिवसाचा. नव्या घरात, नव्या माणसांत, नवरा नसताना तिनं पहिल्यांदा चूल पेटवली असेल, तेव्हा शेजारची कोण तिच्याकडे जाऊन बसली असेल? जवानाच्या बायकोचं गावातलं आयुष्य या प्रश्नावर उभं असतं. ती पोराच्या शाळेत जाते, सिलिंडर आणते, सासऱ्यांना जळगावच्या दवाखान्यात नेते. ती जरा मोकळी बोलली तर चर्चा होते, नाही बोलली तर शिष्ट ठरते. नवरा देशासाठी उभा आहे म्हणून तिला नमस्कार करणारेच तिच्या दारावरच्या स्कूटरचा हिशेब ठेवतात. हे बंद व्हायला कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

आणि ज्यांचे परत आलेच नाहीत, त्या बायका 26 जानेवारीला पहिल्या रांगेत बसतात. मी एकीला पाहिलं आहे. पाहुण्यांना यायला उशीर झाला, ऊन चढलं. तिच्या मांडीवर सत्काराची शाल होती, आणि शेजारच्या लहान मुलीच्या डोक्यावर तिनं ती शाल धरली. नंतर भाषणात तिच्या नवऱ्याचं नाव चुकीचं घेतलं गेलं. तिनं हळू आवाजात दुरुस्त केलं, पण माईकपर्यंत ते पोचलं नाही.

दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, 1949 पासून. शाळेत टाचणीनं खिशाला लावायचा छोटा कागदी झेंडा मिळतो आणि डब्यात पैसे टाकायचे असतात. तो निधी युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी, अपंग झालेल्यांसाठी, माजी सैनिकांच्या मुलांसाठी वापरतात. डबा आला तर हात आखडू नका. पण माझं मागणं त्याहून जवळचं आहे. आपण टेबलाच्या आतल्या बाजूला बसत असाल आणि समोरचा माणूस “मी सुट्टीवर आलोय” म्हणाला, तर त्याचं काम त्याच दिवशी करा. कार्यक्रमाला वीरपत्नीला बोलावलंत तर नाव आधी विचारून नीट लिहून घ्या, आणि तिला सावलीत बसवा. पारावर भेटलेल्या जवानाला बाटली मागू नका, त्याला घरी जेवायला बोलवा. आणि यंदा नांगरटीला एखादा ट्रॅक्टर त्याच्या बांधावर चढलेला दिसला, तर तो सुट्टीवर यायची वाट न बघता तुम्हीच शेताच्या कडेला उभे राहा आणि ट्रॅक्टरवाल्याला मागे घ्यायला सांगा.