आधी कळस

जलरंगात आकाश आधी घ्यावं लागतं. बोर्ड किंचित उतरता धरायचा, कागद ओला करायचा आणि पातळ निळा वरून खाली ओढत आणायचा. उजळ रंग आधी, गडद शेवटी. कारण एकदा बसलेला गडद पुन्हा पुरता उजळत नाही. म्हणजे पुण्यातल्या ओंकारेश्वर मंदिराचं शिखर आधी आणि घाटाच्या पायऱ्यांखालचा ओला अंधार सगळ्यात शेवटी. एखाद्याचं काम उलटं चाललं की आपण म्हणतो, ‘आधी कळस मग पाया.’ मुठेच्या काठी रंग घेऊन बसलं की तीच सरळ रीत होते.

पण रचनाही वरूनच ठरते का? रंगाला हात लावण्याआधी वहीत काडेपेटीएवढा चौकोन आखून पेन्सिलीनं तीनच छटा टाकायच्या: उजेड, मधली, गडद. त्या चौकोनात मला आधी मंदिर दिसत नाही, नदीपात्रातले मेट्रोचे खांब दिसतात. सकाळच्या उन्हात त्यांची सावलीकडची बाजू जवळजवळ काळी होते आणि नजर तिथेच जाऊन थांबते. खांब वगळले तर शिखर मोकळं होतं, झाडी जुळून येते, चित्र देखणं होतं. वगळण्याचा हक्क चित्रकाराला आहेच. पण मग मी कुठल्या पुण्याचं चित्र काढलं?

पेशव्यांच्या शनिवारवाड्यापाशी ही म्हण आणखीच फिरते. १८२८च्या आगीत वरचे लाकडी मजले जळाले; उरले तट, दरवाजे आणि आतली दगडी जोती. तिथे पायाच आहे, कळस नाही. चित्र काढायला येणारे बहुतेक जण दिल्ली दरवाजासमोर बसतात. जोत्यांत रचना सापडणं अवघड: सगळं आडवं, सपाट, नजर टेकायला उभं असं काही नाही.

हा वाडा नांदता असताना, १७९०च्या दशकात, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याला पेशव्यांशी झालेल्या १७९०च्या तहाच्या दरबाराचं चित्र हवं होतं. वेल्स हिंदुस्थानात पोचला तोच १७९१मध्ये. त्यानं माणसांची रेखाटनं केली आणि १७९५मध्ये तो वारला. पुढे थॉमस डॅनियलनं त्या रेखाटनांवरून १८०५मध्ये चित्र पुरं केलं. दरबार भरला तेव्हा दोघांपैकी एकही तिथे नव्हता. तरी सवाई माधवराव पेशव्यांचा दरबार डोळ्यांपुढे आणायचा तर आज आपण त्याच चित्राकडे वळतो.

मग समोर बसून काढण्याला मी एवढी किंमत का देतो, हे आता मला नीट सांगता येत नाही. खांब घेणं हाच खरेपणा, असं वाटत होतं. पण मुठेची जुनी चित्रं पाहताना मी शोधतो ते पूर्वीचं पाणी, १९६१च्या पानशेत धरणफुटीच्या पुराआधीचे काठावरचे वाडे. त्या चित्रकारांनीही नको ते गाळलंच असणार. काय गाळलं, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून काठावर बोर्ड घेऊन बसणाऱ्यांना एवढंच सांगणं: चित्रामागे तारीख आणि वेळ लिहा. आणि समोर असूनही काय घेतलं नाही, तेही लिहा.