शेणव्यास तीन दिवस

मुंबईची दगदग विसरावयाची तर महाबळेश्वर किंवा माथेरानच गांठलें पाहिजे असें नाहीं. कसाऱ्याच्या लोकलनें आसनगांवास उतरावें, माहुलीचे सुळके ढगांत बुडालेले पाहावे, शहापुराहून एस. टी. धरावी आणि किन्हवलीच्या बाजूस शेणव्याला यावें. तेवढेंही पुरे होतें. २०२५ सालीं १५ ऑगस्ट शुक्रवारीं आला, दुसरे दिवशीं गोपाळकाला आणि तिसरे दिवशीं रविवार. हा योग साधून आम्ही घरांतील सातआठ मंडळी येथें एका स्नेह्यांकडे उतरलों होतों.

पाऊस अखंड चालला होता. भाताची लावणी आटोपली होती आणि एका खाचराचें पाणी दुसऱ्यांत खळखळत उतरत होतें. प्रदेश जुन्या इतिहासाचा. १६३६ सालीं शहाजीराजांनीं मोंगल-आदिलशाही फौजांपुढें अखेरचा आसरा घेतला तो माहुलीचाच. तानसाचें धरण १८९२ सालचें. भातसाचें पुढें झालें. दोन्ही याच शहापूर तालुक्यांत. येथलें पाणी मुंबईस जातें आणि उन्हाळ्यांत येथल्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईहून उलट इकडे काय येतें, तें मात्र आम्हांस त्या तीन दिवसांत दिसलें. आमच्या मागोमाग काम आलें!

आमचे धाकटे बंधु एका कंपनींत अधिकारी आहेत. पहिल्या दिवशीं त्यांनीं मोबाईल पिशवींत ठेवला. पण जेवतां जेवतां त्यांची नजर तिकडे जाई. दुसऱ्या दिवशीं वरिष्ठांचा निरोप आला, ‘फक्त पांच मिनिटें’, आणि त्या पांच मिनिटांत दुपार सरली. ओटीच्या ज्या कोपऱ्यांत रेंज मिळे तेथेंच त्यांनीं ठाण मांडलें. निरोप नसला तरी ते त्याची वाट पाहात. शेवटीं आजी म्हणाली, “अरे, देहानें रजा घेतली खरी, मनाचा अर्ज कोणीं द्यायचा?” सगळे हंसले. बंधु मात्र हंसले नाहींत.

शेजारचे शेतकरी संध्याकाळीं ओटीवर येऊन बसत. त्यांना काळज्या नाहींत असें नव्हे. कापणीच्या वेळीं पाऊस आला तर हातचें पीक जातें. आणि दिवाळीनंतर या भागांतील कित्येक आदिवासी कुटुंबें वीटभट्ट्यांवर राबावयास बाहेर पडतात. पण त्यांच्या कामाला शेवट असतो. लावलेल्या रोपास रात्रीं निरोप धाडून लवकर वाढ म्हणतां येत नाहीं. म्हणून अंधार पडला कीं माणूस खरोखर मोकळा होतो. शहरांतील कामाची ही हद्दच पुसली गेली आहे.

ती हद्द एकट्यादुकट्याच्या निश्चयानें पुन्हा आंखली जाईल, असें आम्हांस वाटत नाहीं. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजीं, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांस एकत्र करून वर्षानुवर्षें मागणी लावून धरली म्हणून. एकट्या कामगारानें रविवारीं घरीं राहावयाचें ठरविलें असतें, तर त्याची नोकरीच गेली असती. कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा हक्क फ्रान्समध्यें २०१७ पासून कायद्यांत आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं तशा अर्थाचें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें; त्याचा कायदा झाला नाहीं.

परंतु कायदा होईपर्यंत थांबावयास नको. आपल्या घरांतून नोकरी करणारे आहेत, तसे चारचौघांवर हुकूम चालविणारेही आहेत. सुटीच्या दिवशीं हाताखालच्या माणसास निरोप धाडण्यापूर्वीं, हें काम सोमवारपर्यंत थांबेल काय, एवढें त्यांनीं स्वतःस विचारावें. बहुतेक कामें थांबतात.