गळका डोळा

नर्स म्हणून पस्तीस वर्षे मी येथल्या इस्पितळांत लोकांना सांगत आले, “दुखणे अंगावर काढू नका.” माझी पाळी आली तेव्हा मात्र मीच दोन वर्षे काढले.

माझ्या डाव्या डोळ्यातून सारखे पाणी गळत असे. विलायतेचा गार वारा, झालेच तर वय, अशी मी मनाची समजूत घालीत होते. मध्यंतरी आमचे हे गेले. सुतकाच्या सात दिवसांत भेटायला येणारे म्हणत, “किती रडते बिचारी!” खरे म्हणजे मला रडू येतच नव्हते, आणि ते कोणाला सांगताही येत नव्हते.

पुढे एके सकाळी डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा लाल होऊन सुजला, तापही भरला. अश्रूंची पिशवी पिकली होती. आधी अँटिबायोटिक झाले, मग ऑपरेशन ठरले.

पापण्यांच्या कोपऱ्यात बारीक छिद्रे असतात. त्यांतून अश्रू या पिशवीत व तेथून नळीने नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाक वाहते. नळी बुजली की पाणी गालावर येते आणि पिशवीत साचलेले नासते. अशा वेळी पिशवी व नाक यांच्यामधल्या पातळ हाडाला भोक पाडून नवी वाट करतात. फ्लॉरेन्सच्या डॉ. टोटी यांनी ही पद्धत १९०४ साली मांडली. आता ती नाकाशेजारी लहान छेद घेऊन किंवा नाकातून दुर्बिणीने करतात.

माझे छेद घेऊन झाले. संध्याकाळी लेकीने घरी आणले. पहिला दिवस गरम चहाविना आणि पुढचे दिवस नाक न शिंकरता काढणे तेवढे जड गेले. वाटेत ठेवलेली सिलिकॉनची नळी काही आठवड्यांनी काढली.

तान्ह्यांच्या बाबतीत मात्र घाई नको. माझ्या नातवाचा डोळा चिकटत असे. बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप उघडते. स्वच्छ बोटाने नाकाच्या कडेने खाली चोळीत राहावे. वर्षानंतरही पाणी राहिले, तर डॉक्टर बारीक सळईने वाट मोकळी करतात. डोळा लाल होऊन सुजला तर मात्र लगेच दाखवावे. अलिबागची आमची आजी घालायची तसले काजळ घालू नये.

यांच्या पहिल्या वर्षाला माझे दोन्ही डोळे सारखेच भरून आले. त्या दिवशी मी खरोखर रडले.

भगिनींनो, डोळा गळत असेल तर वयावर ढकलू नका, एवढेच सांगणे.